मिस्टर लेन यांची भिंगांची पेटी

म्युझियममध्ये नोकरी करते असं सांगितलं की पुण्याचे नातेवाईक विचारायचे, "म्हणजे तिकिटं देतेस का गं?" इथली मराठी मंडळी, त्यांतली निम्मी डॉक्टर, म्हणायची, "वा, शांत काम. आमच्यासारखं ऑन-कॉल नाही." मी दोघांनाही हसून हो म्हणायचे. आमच्या म्युझियमला तिकीट नव्हतं आणि शांतताही फारशी नव्हती.

वॉटफर्डच्या पलीकडच्या एका गावात कौन्सिलचं ते छोटं म्युझियम होतं. वर तीन खोल्या, खाली दमट तळघर. माझ्या हुद्द्याचं नाव होतं डॉक्युमेंटेशन ऑफिसर. नाव भारदस्त, काम साधं. लोक वस्तू आणून देतात. ती कुणाची, कुठली, कधीची, ती का जपली, हे लिहून घ्यायचं. मग वस्तूला नंबर द्यायचा आणि तो बारीक निबाने अशा जागी लिहायचा की कुणाला दिसू नये. शंभर वर्षांनी कुणीतरी ती हातात घेईल तेव्हा तिच्याबद्दल बोलायला मी नसेन, आणणारा नसेल, फक्त माझा कागद असेल. म्हणून कागद नीट हवा. मी एकोणीस वर्षं हेच केलं, आणि बऱ्यापैकी चांगलं केलं असं मला वाटतं. एक कागद मात्र चुकला. तो सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

तऱ्हेतऱ्हेची माणसं यायची. एकदा एक गृहस्थ शॉपिंग बॅगेत लीकच्या भाजीच्या जुडीखाली हातबाँब घेऊन आले. "चाळीस वर्षं दाराला टेकण म्हणून लावतोय, कधी काही झालं नाही," असं म्हणत त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. पोलीस आले, अख्खी हाय स्ट्रीट रिकामी झाली, समोरच्या बेकरीतली बाई पिठाचे हात घेऊन रस्त्यावर उभी. बाँब पोकळ निघाला. गृहस्थ शेवटपर्यंत एकच विचारत होते, "मग आता दाराला काय लावू?" दुसऱ्या एक बाई होत्या. नवऱ्याचे सतरा पाइप त्यांनी आम्हाला दिले आणि मग दर गुरुवारी ते नीट आहेत ना हे बघायला येऊ लागल्या. सहा वर्षं आल्या. त्यांच्यासाठी मी गुरुवारी दुपारी ते कपाट उघडंच ठेवायचे.

पण या कामाचा मोठा भाग म्हणजे नाही म्हणणं. तळघर भरलेलं असतं, प्रत्येक घरात आजीचं शिवणयंत्र असतं. म्हणून प्रत्येक म्युझियमचं एक लेखी धोरण असतं, काय घ्यायचं आणि काय नाही. आमच्या धोरणातलं पहिलं वाक्य असं होतं, की वस्तू आमच्या हद्दीतली हवी. वस्तूचा किंवा तिच्या मालकाचा आमच्या डिस्ट्रिक्टशी संबंध हवा. हे वाक्य मी हजार वेळा तरी गोड आवाजात म्हटलं असेल.

एकदा मात्र ते मी मोडलं. 'आपल्या गावातली भारतीय घरं' असं प्रदर्शन आम्ही केलं तेव्हा पिनरच्या काळेवहिनींनी त्यांच्या सासूबाईंचं पितळी पुरणयंत्र दिलं. पिनर आमच्या हद्दीत नाही, ते हॅरोमध्ये येतं. वहिनींचा मुलगा वॉटफर्डजवळ आमच्या हद्दीत राहत होता, मी फॉर्मवर त्याचा पत्ता घातला. पुरणयंत्र आजही त्या तळघरात आहे. त्या वेळी मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

युद्ध संपल्याला साठ वर्षं झाली त्या वर्षी आम्ही एका शनिवारी दुपारी लोकांना बोलावलं, घरातल्या युद्धाच्या आठवणी घेऊन या म्हणून. चहा आणि स्कोन्स ठेवले होते. रेशनची पुस्तकं आली, गॅस मास्क आले, एक पॅराशूटच्या रेशमाचा झगा आला. रांगेच्या शेवटी टाय लावलेले एक म्हातारे गृहस्थ शांतपणे उभे होते. हातात सपाट लाकडी पेटी. त्यांचं इंग्रजी रेडिओवरच्या जुन्या निवेदकासारखं होतं. इतकं नीट, की इंग्रज माणूस इतकं नीट बोलत नाही असं माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या बाईला लगेच जाणवावं.

पेटी चष्मेवाल्यांची होती. डोळे तपासताना घालतात ती गोल भिंगं ठेवायला आत मखमली खाचा. ते निवृत्त ऑप्टिशियन होते, पिनर स्टेशनजवळ त्यांचं पस्तीस वर्षं दुकान होतं. भिंगांच्या जागी वेगळ्याच वस्तू बसवलेल्या. दोरीत ओवलेले सैनिकाचे दोन ओळखबिल्ले, एक गोल तांबडट, एक अष्टकोनी हिरवा. एक जस्ताची पट्टी, मधोमध भोकांची ओळ असलेली. सैनिक खिशात बाळगतो ते पगाराचं पुस्तक, पेबुक. एक चमचा, दांडा घासून धारदार केलेला. पुठ्ठ्याच्या खोक्यात न वापरलेली चार पदकं. आणि घडी घातलेलं एक पत्र.

"नाव?" मी फॉर्म पुढे ओढला.

"कुठलं हवं?"

मी वर पाहिलं. ते हसत नव्हते.

"या वस्तूंवर आहे ते हेन्री लेन," ते म्हणाले. "दुकानाच्या पाटीवर होतं तेही तेच. जन्मलो तेव्हा हाइनरिख लेव्हिन होतो. ब्रेस्लाऊमध्ये, तेव्हाच्या जर्मनीत. ते गावही आता त्या नावाचं राहिलेलं नाही."

ते ज्यू होते. सतराव्या वर्षी एकटे इंग्लंडला आले, आई-वडील मागे राहिले आणि मागेच संपले. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी आधी त्यांना शत्रूदेशाचा नागरिक म्हणून कुंपणात ठेवलं, मग फौजेत घेतलं, पण खड्डे खणायच्या तुकडीत. पुढे लढायची परवानगी मिळाली तेव्हा अधिकाऱ्याने सांगितलं, पकडले गेलात तर तुमच्या जर्मन ज्यू नावामुळे तुम्हाला गोळी घालतील, आजच नवीन नाव निवडा. त्यांनी टेलिफोन डिरेक्टरी उघडली.

"आणि हे?" मी गोल बिल्ल्यावर बोट ठेवलं. नावाखाली धर्माची दोन अक्षरं ठोकलेली होती, सी. ई., म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड.

"तेही डिरेक्टरीतलंच समजा."

हॉलंडमध्ये ते पकडले गेले आणि जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले. जस्ताची पट्टी तिथली होती. कैदी मेला की ती भोकांच्या ओळीवर मोडत, अर्धी त्याच्याबरोबर पुरत, अर्धी कचेरीत ठेवत. मिस्टर लेनची पट्टी अख्खी होती. ज्या देशातून पळून आले त्याच देशात, इंग्रज ख्रिस्ती शिपाई म्हणून, आपल्याला जर्मनचा एक शब्दही कळत नाही असं दाखवत ते सात महिने जगले.

मी वस्तू पावती देऊन ठेवून घेतल्या. घ्यायच्या की नाही हे कमिटी ठरवते, तोवर त्या आमच्याकडे राहतात. नियमाप्रमाणे प्रत्येकीचा फोटो काढला आणि पत्राची फोटोकॉपी केली.

पत्र त्यांनी लिहिलेलं नव्हतं. कैद्यांना मिळणाऱ्या छापील कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं, वेल्समधल्या एका आईला, तिच्या मुलाने. मुलाचं नाव ट्रेव्हर प्राइस. पत्र कधी पोस्टात पडलंच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मिस्टर लेन परत आले. मंगळवारी म्युझियम बंद असायचं. मी मागच्या खोलीत चहा केला. त्यांनी विचारलं, "कागदावर काय काय लिहिता तुम्ही?" मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते सगळं.

"मग हे लिहा. ट्रेव्हर माझ्या खालच्या फळीवर झोपायचा. खाणीतला मुलगा, वीस वर्षांचा. मी झोपेत बोलायचो. जर्मनमध्ये. मी बोलायला लागलो की तो खालून फळीला लाथ मारायचा. मी जागा व्हायचो, गप्प व्हायचो. महिनोन् महिने. त्याने मला एकदाही विचारलं नाही की हे काय आहे. कुणाला सांगितलंही नाही."

मी लिहीत होते.

"जानेवारीत एका संध्याकाळी त्याने सूप घेतलं नाही. पोट दुखतंय म्हणाला. त्याचं सूप मी प्यायलो. सकाळी त्याला उभं राहता येईना. दोघांनी धरून आम्ही त्याला छावणीच्या जर्मन डॉक्टरकडे नेलं. दुभाषा त्या दिवशी कामाच्या तुकडीबरोबर बाहेर गेला होता. डॉक्टर म्हातारा होता, वाईट माणूस नव्हता. त्याने विचारलं, कधीपासून? ट्रेव्हरला कळलं नाही. पहारेकऱ्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, टुडे? मॉर्निंग? ट्रेव्हर कण्हत म्हणाला, येस, मॉर्निंग, बॅड. मग डॉक्टर पहारेकऱ्याला जर्मनमध्ये म्हणाला, कालपासून असेल तर आत्ताच्या आत्ता गावातल्या इस्पितळात न्यायला हवा. आज सकाळपासूनच असेल तर उद्याच्या गाडीने जाऊ दे."

त्यांनी कप बशीत ठेवला.

"मला तीन शब्द बोलायचे होते, मिसेस दामले. काल संध्याकाळपासून. जर्मनमध्ये ते तीन शब्द होतात. इंग्रजीत बोललो असतो तरी डॉक्टरचं जर्मन मला कळलं हे उघड झालं असतं. त्याचं सूप माझ्या पोटात होतं. ट्रेव्हरला डॉक्टरचं बोलणं कळलं नव्हतं, पण मला कळलंय हे त्याला माहीत होतं. खोलीतल्या माणसांत फक्त त्यालाच माहीत होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग नजर दुसरीकडे वळवली. मला काही विचारायचं नाही, असं त्याने ठरवलं. आणि मी बोललो नाही."

दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ट्रेव्हरला नेलं. तो परत आला नाही. रेल्वेमार्ग बाँबफेकीने बंद होते, टपाल आठवडाभर उचललं गेलं नव्हतं. त्याच्या फळीखाली ते पत्र होतं. मिस्टर लेननी ते पेबुकात ठेवलं आणि बुटात घातलं. पुढे छावणी रिकामी केली, कैद्यांना बर्फातून चालवत नेलं, तेव्हाही ते बुटातच होतं.

मी पत्र वाचलं होतं. सायकल विकू नकोस, कुत्र्याला चॅपलमध्ये नेऊ नकोस, असलं सगळं. आणि शेवटी, हेन्रीचं हॅरी करून: 'इथे माझा एक दोस्त आहे, हॅरी. फार हुशार. त्याला घरचं कुणी नाही, म्हणून मी त्याला सांगितलंय की सुटलो की तू आमच्याकडे यायचंस. वरची अडगळीची बॉक्स रूम आवरून ठेव.'

"मी गेलो होतो," मिस्टर लेन म्हणाले. "सुटल्यावर, सप्टेंबरमध्ये. त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक चॅपल, छोटं चर्च, आहे, तिथपर्यंत गेलो. घर दिसत होतं. आत जाऊन पत्र दिलं असतं तर तिने मला बसवून घेतलं असतं, चहा दिला असता, ती खोली दाखवली असती. मी परत फिरलो. लग्नानंतर बायकोला सांगितलं नाही. मुलीला सांगितलं नाही."

त्यांच्या दोन इच्छा होत्या. वस्तूंबरोबर ही हकीकत ठेवावी, ट्रेव्हरच्या नावासकट, काही गाळू नये. आणि म्युझियमने ट्रेव्हरच्या घरच्यांचा शोध घेऊन पत्र पोचवावं. आई आता नसेल, पण त्याला ग्वेन नावाची धाकटी बहीण होती. "माझं पत्र ते फाडून टाकतील. म्युझियमचं पत्र माणसं वाचतात."

मी म्हटलं, विचारून सांगते. काहीही ठरलं तरी मी स्वतः फोन करीन, असंही म्हटलं.

कमिटीच्या आधी मी आमच्या मॅनेजरबाईंशी बोलले. त्या वाईट नव्हत्या, त्यांच्यावर वरून दडपण होतं. महिन्याभरात म्युझियमची तपासणी व्हायची होती आणि धोरण काटेकोर पाळतो हे दाखवायचं होतं. "फारच हृदयद्रावक आहे," त्या म्हणाल्या. "पण ते पिनरचे आहेत ना? ब्रेस्लाऊ, हॉलंड, वेल्स, पिनर. यात आपलं काय आहे? त्यांना लंडनमधल्या एखाद्या मोठ्या म्युझियमचं नाव सुचव. आणि लोकांचे नातेवाईक शोधणं हे आपलं काम नाही."

बोलायला माझ्याकडे भरपूर होतं. त्यांच्या दुकानात आमच्या हद्दीतली शेकडो माणसं चष्म्यांसाठी गेली असतील, तेवढा धागा पुरला असता. पुरणयंत्राला मी याहून बारीक धागा लावला होता. पण तोंड उघडलं तर पुरणयंत्राचा फॉर्मही कुणी उघडेल, तपासणी तोंडावर आलीय, असं माझ्या मनात आलं. मी मान हलवली आणि टेबलाशी जाऊन बसले.

फोन मी केला नाही. सोमवारी करू, बुधवारी करू, असं म्हणत राहिले. मिस्टर लेनना सांगायचं तरी कसं, याचा धीरच होईना. मग कमिटीचाही नकार झाला आणि तपासणीच्या गडबडीत आमचं नेहमीचं छापील पत्र त्यांना गेलं. आमची आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहोत. आमच्या धोरणात बसत नसल्यामुळे खेद वाटतो. वस्तू तीस दिवसांत घेऊन जाव्यात. खाली सही माझी.

ते चौथ्या दिवशी आले. त्याच टायमध्ये. मी यादी वाचली, ते एकेक वस्तू खाचेत बसवत गेले. मी म्हटलं, "मी फोन करणार होते. मला माफ करा."

"नाही, नाही. नियम आहेत," ते म्हणाले. "मी एका खोट्या कागदावर जिवंत राहिलो. खऱ्या कागदाबद्दल तक्रार कशी करू?" मग पत्र हातात घेऊन थांबले. "तुम्ही हे वाचलंत?"

"हो."

"बरं झालं. आता आपण दोघं झालो."

मोठ्या म्युझियमचा पत्ता लिहिलेला कागद मी त्यांना दिला. त्यांनी तो न वाचता खिशात ठेवला. पेटी काखेत धरून ते स्टेशनच्या दिशेने चालत गेले.

नाकारलेल्या वस्तूंचे फोटो आणि नकला नष्ट करायच्या असतात. ती फाइल मी ड्रॉवरच्या तळाशी ठेवली. तेवढा एकच नियम या प्रकरणात मी मोडला, आणि तोही उशिरा.

वर्षभर मनात येत राहिलं की फोन करावा. शेवटी केला तो चौदा महिन्यांनी. त्यांच्या मुलीने उचलला. ती घर विकायच्या गडबडीत होती. वडील फेब्रुवारीत गेले होते.

"ती लाकडी पेटी?" ती म्हणाली. "घर रिकामं करणाऱ्या लोकांनी नेली. अँटिक फेअरमध्ये बसणारा एक माणूस होता, त्याला पेटी फार आवडली. आत काही लष्करी वस्तू होत्या. डॅड कधी बोलले नाहीत त्याबद्दल. मला वाटायचं युद्धात ते कुठल्या तरी कचेरीत कारकून होते."

मी तिला जेवढं सांगायला हवं तेवढं सांगितलं. मग तिने विचारलं, "तुमच्याकडे आलं होतं हे सगळं, मग तुम्ही का नाही ठेवून घेतलंत?"

फाइलमधल्या सगळ्या नकला मी तिला पाठवल्या. तिचं दोन ओळींचं कार्ड आलं, आभाराचं. पुढे काही नाही.

पेटीचा मी शोध घेतला. फेअर पालथे घातले, विक्रेत्यांना विचारलं. मिळाली नाही. इंग्रजांच्या त्या युद्धातल्या पदकांवर शिपायाचं नावच नसतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एकदा मालकापासून तुटली की ती कुणाचीही. बिल्ल्यावर आणि पेबुकात नाव होतं, पण ते हेन्री लेन, चर्च ऑफ इंग्लंड. ज्याने कुणी त्या वस्तू घेतल्या तो आज त्या एका इंग्रज ख्रिस्ती शिपायाच्या म्हणून कपाटात मांडून बसला असेल. वस्तू जेवढं खोटं सांगत होत्या तेवढं टिकलं. खरं ते मिस्टर लेन यांच्या तोंडी होतं, आणि ते लिहून ठेवणं हीच माझी नोकरी होती.

त्या दिवसांत एकदा जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. आमचे हे सर्जन, वॉटफर्डलाच होते, हजारांनी अपेंडिक्स काढली असतील. ह्यांनी घास हातातच धरून ऐकलं.

"अहो, त्याच दिवशी नेलं असतं तर वाचला असता का हो तो?" मी विचारलं.

"काय सांगणार? पेनिसिलीन नाही. हिवाळा, उपाशी शरीर. सकाळी उभं राहता येत नव्हतं म्हणजे बहुतेक फुटलेलंच होतं. त्या दिवशी नेलं असतं तरी मी निम्मीसुद्धा आशा दाखवली नसती." मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांना सांगितलंस ना हे?"

"ते गेले."

"अगं, मग आधी का नाही विचारलंस? चहाला बोलवायचं त्यांना. मी समोर बसून सांगितलं असतं. सर्जनने सांगितलेल्याचं वजन वेगळं पडतं."

साठ वर्षं त्या माणसाने ज्या प्रश्नाचं उत्तर एकट्याने शोधलं, ते उत्तर द्यायला लायक असलेला माणूस माझ्या समोर बसून रोज जेवत होता. मिस्टर लेन मंगळवारी माझ्याशी बोलले, त्या संध्याकाळी मी घरी येऊन हॉस्पिटलच्या पार्किंगविषयी बोलले असेन. पेटीपेक्षाही हे मला जास्त खुपतं.

मग मी पत्राची नकल घेऊन माझ्या मुलीकडे मिल्टन कीन्सला गेले. ती आयटीमध्ये आहे. इथेच जन्मलेली, त्यामुळे तिच्या मराठीत पुरुष कधी 'गेली' असतात आणि बायका 'आला'. पत्रावर आईचं नाव आणि पत्ता होता. ती लॅपटॉप घेऊन बसली. मी चहा टाकला, तो उकळून गाळेपर्यंत तिची हाक आली.

"आई, ती ग्वेन अजून आहे. त्याच घरात राहतो. फोन नंबरपण आहे." आणि मग, "एवढंच होतं? हे तुमचं म्युझियम करू नाही शकला?"

तिला वीस मिनिटं लागली होती.

पुढच्या शनिवारी तिनेच मला गाडीने वेल्सला नेलं. फोनवर मी ग्वेनबाईंना एवढंच म्हटलं होतं, की तुमच्या भावाच्या एका पत्राची नकल माझ्याकडे आहे. वाटेत मी मुलीला विचारलं, पत्र देऊन परत येऊ का? सूप, डॉक्टर, ते सगळं या वयात त्यांना कशाला? ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्याने तुला सांगितलं ना, काही गाळू नको? मग नको ना गाळू."

ग्वेनबाई ऐंशीच्या आत-बाहेर असतील. ठेंगण्या, स्वच्छ एप्रन, भिंतीला भिंत लागलेल्या एकसारख्या घरांच्या रांगेतलं एक घर. त्यांनी नकल उजेडात धरून वाचली. कुत्र्याच्या ओळीला हसल्या. बॉक्स रूमची ओळ आली तेव्हा वर जिन्याकडे बघितलं. "तिथे आता इस्त्रीचं टेबल असतं," म्हणाल्या.

मग मी सांगितलं. पहिलं नाव, दुसरं नाव. झोपेतलं बोलणं आणि खालून मारलेली लाथ. सूप. डॉक्टर काय म्हणाला, आणि खोलीत ते कुणाकुणाला कळलं. ट्रेव्हरने कसं एकदा बघितलं आणि नजर वळवली. माझे हे काय म्हणाले तेही सांगितलं. माझ्या सहीचं पत्र गेलं होतं तेही. एकही वाक्य मी गाळलं नाही. मी सांगत होते तेव्हा मुलीचा हात माझ्या पाठीवर होता.

ग्वेनबाई बराच वेळ एप्रनची किनार बोटांनी सरळ करत होत्या.

"आमच्या घरात ट्रेव्हला कुणी कधी काही सांगायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्या पोटात काही राहायचंच नाही. ख्रिसमसची भेट काय आणलीय तेसुद्धा आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून मोकळा व्हायचा." थोडं थांबून, स्वतःशीच बोलल्यासारख्या, "आणि हे राहिलं."

मग त्यांनी नकलेची घडी घातली.

"तो हॅरी इथे आला होता म्हणालात. कधी?"

"युद्ध संपलं त्या सप्टेंबरमध्ये. कोपऱ्यावरच्या चॅपलपर्यंत."

त्या उठून खिडकीशी गेल्या. चॅपलमध्ये आता कार्पेटचं दुकान होतं. बाहेर एक माणूस गुंडाळी खांद्यावर घेऊन व्हॅनमध्ये चढवत होता. आमच्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या,

"त्या महिन्यात आई घराबाहेर पडलीच नाही. छावण्यांतली मुलं परत येत होती. ट्रेव्हबरोबरचं कुणीतरी येईल, आणि दार बंद दिसलं तर तसंच परत जाईल, असं तिला वाटायचं. बाजारहाट सगळं मी करायचे. ती पुढचं दार उघडं टाकून दिवसभर तिथे बसायची, आत्ता तुम्ही बसलायत तिथे."